जुना संगणक आणि मुक्त प्रणाली

पाथर्डी तालुक्यातील तिसगावासारख्या गावात झेरॉक्सच्या दुकानातला काय किंवा घरातला काय, संगणक पार बंद पडेपर्यंत वापरला जातो. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन थांबवल्याने, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा अनेक जुन्या यंत्रांत नसल्याने, धडधाकट संगणकही मोडीत काढण्याची वेळ येते, आणि नव्या संगणकाचा हा खर्च खरोखर टाळण्याजोगा आहे.

येथे मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते अशी प्रणाली, कामी येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स हा अशा अनेक प्रणालींचा गाभा असून, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही प्रणालीही त्यावरच उभी आहे.

लिनक्स घातलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, वाय-फाय, आवाज आणि स्कॅनर चालतात का हे आधी तपासता येते. खरी कसोटी प्रिंटरची: ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली आणि उपकरण यांच्यातला दुभाष्या, एचपीच्या अनेक प्रिंटरांसाठी कंपनीनेच मुक्त स्वरूपात दिला आहे, तर कॅननचा एलबीपी २९०० हा कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीवर चालत असल्याने त्याच्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध असतो. मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये जपलेले जुने अर्ज त्या फाँटशिवाय वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचे रूपांतर आधीच करून घ्यावे.