फॅक्टर घ्यायला आजही का कचरायचं?

गैरसमज: हिमोफिलिया असला की एचआयव्ही होतोच.

अजिबात नाही. हिमोफिलिया जन्मजात आहे. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक, म्हणजे फॅक्टर, शरीरात कमी पडतो. एचआयव्हीचा विषाणू शिरला तो औषधातून. पूर्वी क्रायो, म्हणजे रक्तातल्या प्लाझ्मापासून काढलेला फॅक्टरयुक्त गोठवलेला भाग, घ्यायला रुग्णालय गाठावं लागे, गोठवलेली पिशवी वितळेपर्यंत सांधा सुजत जाई. १९७०च्या दशकात अमेरिका-युरोपात फॅक्टरची पावडर मिळू लागली. फ्रिजमधून छोटी बाटली काढायची, पावडर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि घरीच शिरेत टोचून घ्यायची. मुलं सहलीला जाऊ लागली. पण एका बॅचसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जाई. त्यात एक जण बाधित असला तरी सगळ्या बॅचला धोका. जुलै १९८२मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना एड्समध्ये दिसणारा दुर्मीळ न्यूमोनिया झाल्याचं नोंदवलं. तिथल्या तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या बहुतेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं पुढे उघड झालं. इंडियानातल्या रायन व्हाइट या हिमोफिलिया आणि एड्स असलेल्या मुलाला तर १९८५मध्ये शाळेनेच दार बंद केलं. पोराचा दोष काय, तर डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलं!

गैरसमज: तेव्हा कुणाला काही कळण्यासारखंच नव्हतं.

ब्रिटनमध्ये रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला. न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी अहवालाने मे २०२४मध्ये स्पष्ट म्हटलं, की हा अपघात नव्हता, बरंचसं टाळता आलं असतं. ट्रेलोर या शाळेत उपचार घेणाऱ्या मुलांवर तर पालकांना पुरतं न सांगता प्रयोग झाले. हे वाचून संताप येतो, आणि यायलाच हवा.

गैरसमज: म्हणून फॅक्टर आजही टाळलेला बरा.

नेमकी हीच भीती रुग्णाला अपंग करते. त्या काळातही अनेकांनी डोस कमी केले, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, आणि विषाणूसोबत रक्तस्रावानेही छळलं. मात्र १९८४-८५पासून उष्णतेने विषाणू मारलेला फॅक्टर सर्रास वापरात आला, दात्यांची एचआयव्ही चाचणी सुरू झाली. १९९२मध्ये अमेरिकेत रिकॉम्बिनंट फॅक्टर आठला मंजुरी मिळाली. तो प्लाझ्मातून काढत नाहीत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतात. प्लाझ्मापासून बनणाऱ्या फॅक्टरवरही आता विषाणू नष्ट करणाऱ्या प्रक्रिया होतात. तेव्हा गुडघा गरम लागून सुजू लागला, की वाट न पाहता फॅक्टर घ्यावा. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचलं तर कूर्चा झिजते, आणि ती झीज नंतर कितीही फॅक्टर दिला तरी भरून येत नाही.