सपाट तक्त्यातून होडी

अजिंठ्याच्या चित्रातील नौकेवरून बेतलेले, काथ्याने फळ्या शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले, तेव्हापासून अशी एखादी लहान शिडाची होडी घरी शिवता येईल काय, अशी पृच्छा होऊ लागली आहे. बोरिवलीच्या एका वाचकाने तर ती गोराईच्या खाडीत उतरविण्याचा मनसुबाही कळविला आहे.

येईल, मात्र फळ्यांऐवजी मरीन प्लाय आणि काथ्याऐवजी तांब्याची तार घ्यावी लागेल. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची ‘मिरर’ ही सुमारे अकरा फुटी होडी १९६३ साली इंग्लंडमध्ये याच रीतीने घरोघर बांधली जाऊ लागली. (ती एका वृत्तपत्राच्या नावाने खपली, ही आम्हां लेखकूंना सुखावणारी बाब!)

पळसाचे पान दुमडून चोयीने टाचले की द्रोणाला खोली येते, पण पान स्वतः कोठेही ताणले जात नाही. प्लायचेही तसेच, ते एका दिशेने निमूट वाकते आणि एकाच जागी दोन्ही दिशांनी वाकवू गेल्यास तडकते. कोणते पृष्ठभाग न ताणता सपाट पसरता येतात, याचे श्रेय बहुधा गाउसच्या १८२७ च्या सिद्धान्ताच्या खाती जमा होते. परंतु दृष्टी जवळजवळ गमावलेल्या ऑयलरचा नेमक्या याच प्रश्नावरील निबंध १७७२ सालचा आहे, आणि पडद्यावर क्षणात होडी ‘उलगडून’ दाखविणाऱ्या संगणक-प्रणालींचे गोडवे गाताना त्याचे नावही कोणी घेत नाही, हे मला रुचत नाही.

प्रत्यक्षात आखणी अशी होते : तक्त्यावर फूट-फूट अंतराने उभ्या रेषा मारून नकाशातील मापांवर बारीक चुका ठोकायच्या, त्यांना लवचीक पट्टी टेकवायची आणि एक डोळा मिटून तिच्या धारेवरून पाहायचे, एखादी चूक पट्टीला कुबड आणीत असेल तर दोष बहुधा मापाचा असतो, पट्टीचा नव्हे. उजवी-डावी बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापावी, अन्यथा होडीला पीळ पडतो. तक्ता आठ फुटी, तेव्हा लांबीसाठी जोड अपरिहार्य; ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटरचा तिरकस सांधा द्यावा. तारा पिळून आकार जुळला की मगच इपॉक्सी आणि काचतंतूची पट्टी.

प्लाय खरेदी करण्यापूर्वी मात्र एकास दहा या प्रमाणात पुठ्ठ्याची होडी करून पाहा, आणि पुठ्ठ्याला कोठेही सुरकुती पडली तर तो नकाशा बेलाशक बाजूला ठेवा.