सरईच्या मुलखातला पाइन

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. तेव्हापासून दल्ली-राजहराचे डोंगर पोखरून खनिज इथे येतं आहे. खाण आली की जंगलाचा प्रश्न येतोच. तो जुना आहे. 1713 साली सॅक्सनीतला खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तोही खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना म्हणूनच. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, हे त्याच्या म्हणण्याचं सार. दीडशे वर्षांनी, 1864 मध्ये, डिट्रिश ब्रँडिस हा जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला आणि थंड मुलखात घडलेली ही आकडेमोड आपल्याकडे रुजली. दुर्गचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. जंगलाचे कूप म्हणजे पट्टे आखायचे, पाळीने तोडायचे, दहा-दहा वर्षांच्या कार्य आयोजना लिहायच्या. हे अजून चालू आहे.

सागाने या शिस्तीला साथ दिली. सालाने नाही. साल म्हणजे इथली सरई. तिचं बी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. रोप उगवलं तरी शेंडा कित्येक वर्षं वाळत राहतो, मुळं तेवढी खाली दम धरून असतात. रोपवाटिकेतून सरईचं जंगल उभं करणं जवळपास अशक्यच.

मग 1970च्या दशकात बस्तरसाठी तोडगा निघाला: साल काढा, पाइन लावा. कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेतला पाइन, जागतिक बँकेचं साहाय्य, कागदासाठी लगदा. कागदावर हिशेब चोख होता. पण बस्तरच्या आदिवासीसाठी सरई म्हणजे पत्रावळीचं पान, दातवण, धूप, तेलाचं बी. शिवाय पहिल्या पावसात सरईखालच्या मातीतून निघणारा बोडा. हा अळंबीचा प्रकार सरईच्या मुळांशी भागीदारीत वाढतो, शेतात लावता येत नाही, आणि हंगामाच्या सुरुवातीला मटणापेक्षा महाग विकला जातो. पाइनखाली यातलं काय मिळणार होतं? बस्तरचे माजी कलेक्टर ब्रह्मदेव शर्मा विरोधात उभे राहिले, गावांतून असंतोष पेटला आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली. तज्ज्ञ चुकले ते लागवडीच्या तंत्रात नव्हे. जंगलातून कोण काय नेतो, याची नोंदच त्यांच्या तक्त्यात नव्हती.

याच सुमारास दल्ली-राजहरात कामगारनेते शंकर गुहा नियोगी खाणकामगारांना घेऊन ‘अपने जंगल को पहचानो’ ही मोहीम चालवत होते. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात सरईवर सालबोरर ही कीड आली. पहिल्या पावसाबरोबर भुंगा बाहेर पडतो, सालीच्या फटींत अंडी घालतो. अळ्या खोड पोखरतात आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. लाखो झाडं ग्रासली. उपाय मात्र ब्रिटिश काळातलाच. ताजा ओंडका तोडायचा, त्याची साल ठेचून रस वाहू द्यायचा. वासाने भुंगे लांबून येतात, रस पिऊन सुस्तावतात, मग हातांनी वेचायचे. मुंडक्यामागे मजुरी. कीटकशास्त्राच्या सगळ्या प्रगतीनंतर भिस्त होती ती गावकऱ्यांच्या बोटांवर.

बोटांचं हे काम मान्य, पण डोकं मान्य नाही, असाच कारभार होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1970च्या दशकात कर्नाटकात बांबूचा अभ्यास केला. बांबू का संपतोय? वनखातं गावकऱ्यांकडे बोट दाखवत होतं. गावकऱ्यांनी गाडगीळांना दाखवलं की कागद गिरणीचे तोडकरी बेटाच्या बुडाशी असलेलं काट्यांचं कवच साफ करतात, त्यामुळे कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी जातात. काटे हेच कुंपण होतं.

पुढचा धडा आमच्या शेजारी घडला. राजनांदगाव, मोहला, मानपूर ओलांडून मुरूमगावमार्गे धानोऱ्याकडे गेलं की मेंढा (लेखा) हे गाव लागतं. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावाच्या अभ्यासगटांनी वर्षानुवर्षं खपून आपल्या जंगलाचा अभ्यास केला. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू विकायचा अधिकार आता गावाचा. मला तरी या सगळ्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं वनसंशोधन हेच वाटतं, मग त्याला कुणी शोधनिबंध म्हणो न म्हणो.

आता राजहराचं खनिज सरत आलं म्हणून भिलाईची मदार रावघाटच्या खाणींवर आहे. रेल्वे अंतागडच्याही पुढे पोचली. तिथे तुटणाऱ्या झाडांच्या बदल्यात भरपाईची लागवड होईल. त्यातली किती झाडं पाच वर्षांनी जिवंत आहेत आणि त्यांत सरई किती, हा आकडा कारखान्याने आणि वनखात्याने दरवर्षी जाहीर करावा. आणि मोजणी करताना तिथल्या ग्रामसभांना बरोबर घ्यावं.