चपलेशिवाय चालणारा पाय

साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवून मिळत असे. रुग्ण चार पावलं चालून दाखवायचा, कागदावर नोंद व्हायची, केस बंद. काही काळाने तोच माणूस पुन्हा कुबडीवर दिसायचा. पाय घरी पडून. रुग्णालयातले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या हे वारंवार लक्षात येऊ लागलं. खेड्यातली माणसं, नव्या गोष्टीची सवय करून घ्यायचा त्यांना कंटाळा, असं म्हणून विषय मिटवता आला असता. बहुतेक ठिकाणी तो तसाच मिटवला जातो. सेठींनी दोष रुग्णात न शोधता पायात शोधला.

आज अशा कामाला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात. कंपन्यांच्या कार्यशाळांत त्याचं चित्र पाच रंगीत चौकटींत दाखवतात: वापरणाऱ्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना बनवा, तो वापरून पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठात या पद्धतीचं ‘डी.स्कूल’ २००५ च्या सुमारास उभं राहिलं. सेठींच्या या शोधातून घडलेला पाय, म्हणजे ‘जयपूर फूट’, त्याच्या साडेतीन दशकं आधीचा. त्याच्या कर्त्यांना या चौकटी ठाऊक नव्हत्या, आणि त्यांचं काम त्या क्रमाने झालंही नाही. तरीही वापरणाऱ्याकडून शिकत शिकत वस्तू कशी घडते, हे समजून घ्यायला याच्याइतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण आहे. त्यातला प्रत्येक बदल कुणाच्या ना कुणाच्या अडचणीतून आलेला आहे.

आधी नको असलेला पाय पाहू. त्या काळी सर्रास वापरात होता तो ‘सॅच’ फूट. अमेरिकेत १९५० च्या दशकात घडलेला. रचना सुटसुटीत: घोट्यापासून चवड्यापर्यंत गेलेला लाकडी गाभा, टाचेत मऊ पाचर आणि वरून पावलाच्या आकाराचं आवरण. टाच टेकली की पाचर दबते आणि शरीराचा भार लाकडावरून चवड्याकडे सरकतो. घोट्याला हलणारा सांधाच नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. सपाट फरशीवर बूट घालून चालणाऱ्या, खुर्चीवर बसून जेवणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या माणसासाठी हा पाय चांगलाच आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही.

आता तोच पाय राजस्थानातल्या शेतकऱ्याला लावा. उकिडवं बसताना टाच जमिनीवर ठेवायची तर नडगीला पावलावर पुढे झुकावं लागतं. घोटा तेवढा दुमडला नाही तर माणूस मागे कोलमडतो. सॅचमधलं लाकूड चवड्यापर्यंत गेलेलं असल्यामुळे घोट्याशी हे दुमडणं होतच नाही. म्हणजे शौचाला बसणं गेलं, चुलीपुढे बसणं गेलं, खुरपणीही गेली. मांडी घालायची तर पाऊल आत वळायला हवं. ते वळलं नाही की पीळ वर चढतो, उरलेल्या पायावर बसणाऱ्या कवचात आणि तिथून गुडघ्यात. बांधावरून चालताना पावलाने डावी-उजवीकडे कलायला हवं, तेही नाही. शिवाय हा पाय बुटाशिवाय वापरायचा नाही, आणि पाणी दिलेल्या शेतात बूट घालून कोण उतरतो? ओलीत बूट कुजतो, आवरण फाटतं. घरात, देवळात शिरताना तर चप्पलसुद्धा बाहेर काढायची रीत.

ही यादी लिहायला कुठलंही यंत्र लागत नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत पायाने काय काय करतो, ते बघावं लागतं. सेठींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिलं, तेव्हा हाती आलेला प्रश्नच बदलला. ‘माणूस पुन्हा चालेल असा पाय’ एवढंच मागणं उरलं नाही. अनवाणी चालता येईल, पाण्याने खराब होणार नाही, उकिडवं आणि मांडी घालून बसता येईल, इथल्याच सामानातून आणि इथल्याच कारागिरांकडून बनेल, गरिबाला परवडेल आणि दिसायला पायासारखा दिसेल, असं मागणं झालं. शेवटची अट शोभेची वाटते, पण तशी ती नाही. अनवाणी माणसाचं पाऊल सगळ्यांना दिसतं.

मागणं स्पष्ट झालं, तरी ते पुरं करणारा हात डॉक्टरांकडे नव्हता. तो होता रामचंद्र शर्मा यांच्याकडे. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा जेमतेम झालेली, पण हात मूर्तिकाराचा; रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवायला येत. रबराची कल्पना त्यांना कशी सुचली, त्याची सांगितली जाणारी गोष्ट अशी: सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या गुळगुळीत झालेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम चाललं होतं. आपल्याकडे त्याला टायर रिमोल्ड करणं म्हणतात. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते साच्यात दाबून तापवलं की रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. चिकट, लिबलिबीत रबर चिवट आणि लवचीक होतं. या क्रियेला व्हल्कनायझिंग म्हणतात. ट्रकचं ओझं आणि खडीचा रस्ता सोसणारं हे रबर माणसाचं वजन सोसणार, हे उघड होतं.

म्हणून पावलाचा साचा करून त्यात भरीव रबराचं पाऊल काढलं गेलं. ते जड झालं आणि हवं तसं वळेनाही. माझ्या मते सगळ्या कथेत सर्वांत मोलाची जागा ही आहे, कारण इथे दोन गोष्टी एकदम कळल्या. टिकाऊपणा रबराच्या कवचात आहे आणि हालचाल आतल्या भरावात आहे. दोन्ही कामं एकाच पदार्थाकडून करून घ्यायची गरज नव्हती.

त्यातून आजची रचना आली. जयपूर फूट मधोमध कापला तर आत तीन ठोकळे दिसतात. टाचेचा एक आणि चवड्याचा एक, हे दोन्ही मायक्रोसेल्युलर रबराचे. मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टर जी मऊ ‘एमसीआर’ची चप्पल घालायला सांगतात, तेच हे रबर, आत सूक्ष्म हवेचे कप्पे असल्याने हलकं आणि दबणारं. तिसरा ठोकळा घोट्याचा, लाकडी. नडगीची नळी त्याच्यावर बसते. सॅचमधलं चवड्यापर्यंत गेलेलं लाकूड इथे घोट्यापाशीच थांबवलं आहे. सगळी करामत या आखूड केलेल्या लाकडात आहे. टाच आणि चवडा आता कडक दांड्याने जोडलेले नसल्यामुळे पाऊल पुढे दुमडतं, बाजूला कलतं आणि थोडं पिळलंही जातं. कुठेही बिजागरी नाही, तरी घोट्याच्या जवळजवळ सगळ्या हालचाली मिळतात. हे ठोकळे कच्च्या रबराच्या पट्ट्यांत आणि टायरमध्ये वापरतात त्या दोऱ्याच्या कापडात गुंडाळतात, बाहेरून कातडीच्या रंगाच्या रबराचा थर देतात आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून तापवतात. बाहेर येतं ते बोटं असलेलं, पाणी न पिणारं एकसंध पाऊल.

या कामाबद्दलचा सेठी आणि सहकाऱ्यांचा शास्त्रीय लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी दहाएक वर्षं पाय बनत होता आणि बदलत होता. बदल झटपट होत, याचं मोठं कारण जागेचं होतं. कार्यशाळा रुग्णालयाच्या आवारातच. पाय बनवणारा, तो लावणारा आणि तो घालून बसून दाखवणारा अशी तिन्ही माणसं हाकेच्या अंतरावर. रुग्ण म्हणाला इथे टोचतं, तर ते त्याच माणसाच्या कानावर जायचं ज्याच्या हातात कानस आहे. मोठ्या कंपन्यांत ही तक्रार चार खात्यांतून फिरून येईपर्यंत तिचा अहवाल झालेला असतो.

आता पाऊल पायाला कसं बसतं, तेही बघून घेऊ. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाच्या उरलेल्या भागावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. त्या सुकल्या की पोकळ साचा निघतो, त्यात प्लास्टर ओतून तो भाग जसाच्या तसा भरीव बनवतात. मग कारागीर तो तासतो. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध भार सोसू शकतो, तिथे प्लास्टर खरवडून कवच घट्ट करायचं. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे थोडं प्लास्टर चढवून जागा सोडायची. हे बोटांनी चाचपून ठरतं. पूर्वी यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून नळी बनवत. पुढे एचडीपीई, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाइपांचं प्लास्टिक वापरात आलं: पाइप भट्टीत मऊ होईपर्यंत तापवायचा, प्लास्टरवर ओढायचा, थंड झाला की कापायचा. खाली पाऊल स्क्रूने पक्कं करायचं, माणसाला उभं करायचं, चालवायचं, कोन सुधारायचा. पत्रा ठोकण्याच्या मानाने वेळ कितीतरी कमी लागू लागला.

इतकं सगळं जमूनही १९६८ ते १९७५ या सात वर्षांत हा पाय बसला फक्त ५९ जणांना. नवी वस्तू सापडली की काम झालं असं मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. पाय उत्तम होता, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट डिझाइन केलेलीच नव्हती. ते काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने केलं. संस्थापक देवेंद्रराज मेहता हे सनदी अधिकारी, पुढे सेबीचे अध्यक्ष झाले. अपघातात स्वतःचा पाय गमावता गमावता वाचलेले. पाय गेलेला गरीब माणूस दवाखान्यात का येत नाही, असा प्रश्न इथे होता, आणि त्याची कारणं वैद्यकीय नव्हती. प्रवासखर्च, बुडणारी मजुरी, सोबतचा माणूस, राहायचं कुठे, आणि ‘पुढच्या महिन्यात या’. म्हणून संस्थेने वेळ ठरवून येण्याची अटच काढली, येणाऱ्याची आणि सोबत्याची राहण्या-जेवणाची सोय केली, शक्यतो त्याच फेरीत पाय बसवून द्यायचा असं ठरवलं आणि पैसे घ्यायचे नाहीत असंही ठरवलं. लाभार्थी लाखांत गेले ते या व्यवस्थेमुळे. सेठींनी पायाचं पेटंटही घेतलं नव्हतं, त्यामुळे तो इतरत्र बनवायला कुणाची आडकाठी नव्हती.

मराठी वाचकांना हा पाय बहुधा ‘नाचे मयूरी’मुळे माहीत झाला. मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातात पाय गमावून बसली, सेठींकडे गेली आणि पुन्हा भरतनाट्यम करू लागली. चित्रपट १९८६ चा. त्याच १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव लोकांपर्यंत पोचायला मात्र बराच काळ गेला. कागदावर लिहिणाऱ्याला श्रेय लवकर मिळतं आणि हाताने घडवणाऱ्याला उशिरा, ही आपली जुनी खोड.

या पायावर आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. तो वजनाला जड आहे. हाताने बनत असल्याने एक नग दुसऱ्यासारखा नसतो. शिबिरांत एका दिवसात शेकड्यांनी पाय बसतात, तेव्हा कवच नीट बसलं का, हे सहा महिन्यांनी कोण तपासणार? घरी पडून राहिलेल्या पायांमुळेच हे काम सुरू झालं होतं, म्हणून ही तपासणी टळली तर फार वाईट. दोन दिवसांच्या कार्यशाळेत भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून ‘वापरणारा समजला’ म्हणणाऱ्या मंडळींचा घोटाळाही इथेच होतो. समजून घेणं हा पहिला टप्पा म्हणून उरकतात आणि नंतर त्या माणसाच्या दारात कुणी जात नाही.

पाय गुडघ्याच्या वर गेला असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण सांधाही बनवावा लागतो. साधी बिजागरी लावली तर ऐन भार देताना ती मिटते आणि माणूस पडतो. समितीकडचा हा प्रश्न २००८ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी घेतला. त्यांनी चार दुव्यांचा सांधा बनवला. तो एकाच खिळ्याभोवती फिरत नाही. पाय सरळ असताना त्याचं फिरण्याचं केंद्र वर आणि मागे असतं, त्यामुळे भार आला की सांधा घट्ट राहतो. दुमडताना केंद्र सरकतं, पाय किंचित आखूड होतो आणि चवडा जमिनीला अडत नाही. महागड्या सांध्यांत हे तत्त्व आधीपासून होतं. विद्यार्थ्यांनी ते तेलयुक्त नायलॉनमध्ये आणलं, ज्याला वंगण घालावं लागत नाही, आणि किंमत वीस डॉलरच्या आसपास बसवली. ‘टाइम’ नियतकालिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली.

मग तो लोकांच्या पायात गेला आणि तक्रारी आल्या. भार पेलत होता, टिकतही होता. पण पाय सरळ होताना टक् असा आवाज यायचा आणि चौकोनी कडा कपड्यातून दिसायच्या. प्रयोगशाळेत ताकद मोजली होती, झीज मोजली होती; आवाज मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत कडा गोलसर झाल्या, सांध्यात आवाज दाबणारा मऊ बंपर बसला, आणि गुडघा उकिडवं बसता येईल इतका दुमडू लागला.