ऊन दुपारी, गरज रात्री

जूनमध्ये ग्वाल्हेरात सूर्य सातनंतर मावळतो, पण शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरांच्या भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. कूलर आणि एसी जोरात चालतात ते याच वेळी, आणि तेव्हा गच्चीवरची सौर पॅनेल काहीच देत नाहीत. ‘सौरवीज कोळशाहून स्वस्त झाली, मग कोळसा उद्याच का बंद करत नाहीत?’ या प्रश्नाची गाठ इथे आहे.

2025 च्या मध्यापर्यंत भारताच्या स्थापित वीजक्षमतेतली निम्मी क्षमता कोळसा-वायूखेरीजच्या स्रोतांची झाली. बातमी खरी. त्यावरून निम्मी वीजही स्वच्छ झाली, असा निष्कर्ष मात्र चुकीचा. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे 70 टक्के आहे, कारण पॅनेल ऊन असेल तेवढेच तास चालतं आणि कोळशाचं केंद्र रात्रीही.

दराचंही तसंच. मध्य प्रदेशातल्या रीवा इथल्या 750 मेगावॉट प्रकल्पाला 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटमागे 2.97 रुपये दर मिळाला, तेव्हा देशभर कौतुक झालं. पण ती स्वस्ताई दिवसाची. ग्वाल्हेरच्या शेजारी मुरैन्यात 2025 मध्ये 2.70 रुपयांचा दर निघाला, तो जास्त महत्त्वाचा. कारण त्यात बॅटरीतली साठवण आणि जास्त मागणीच्या वेळी वीज देण्याचं बंधनही आहे. अर्थात लिलावातला दर कागदावरचा असतो, प्रकल्प उभा राहून वीज आल्यावरच त्याची खरी परीक्षा. मुरैन्यात आणखी एक शहाणपण दिसतं. मध्य प्रदेशाला विजेची सर्वाधिक गरज रब्बीत, गव्हाला पाणी देताना लागते, तर उत्तर प्रदेशाला उन्हाळ्यात. म्हणून तिथल्या एका प्रकल्पाची वीज दोन्ही राज्यांनी सहा-सहा महिने वापरायचं ठरवलं.

‘पडीक जमीन आहेच, पॅनेल टाका’ हे आणखी एक सोपं उत्तर. सरकारदफ्तरी पडीक ठरलेला माळ पुष्कळदा गवताळ असतो, गुरांचं चराऊ रान असतो आणि माळढोकाचं घरही. ग्वाल्हेरजवळचं घाटीगाव अभयारण्य याच पक्ष्यासाठी राखलं गेलं. तिथला माळढोक सौर प्रकल्प येण्याआधीच नाहीसा झाला, त्याचा दोष पॅनेलवर ढकलता येणार नाही. राजस्थान-गुजरातेत मात्र पेच खरा आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि तो सौर प्रकल्पांच्या वीजतारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मोठ्या टापूत तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. पक्षी वाचवणं आणि कार्बन घटवणं, दोन्ही पर्यावरणाचीच कामं, तरी ती एकमेकांच्या आड येतात.

कोळसा म्हणजे फक्त वीज, हाही गैरसमजच. याच राज्यातल्या सिंगरौलीत विंध्याचल हे 4,760 मेगावॉटचं देशातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र आहे. आसपासच्या खाणी, ठेकेदारी, दुकानं, राज्याला मिळणारं स्वामित्वधन, सगळं त्या कोळशावर. रेल्वेही प्रवासी भाड्यातला तोटा मालवाहतुकीतून भरते, आणि त्या वाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. पंजाब मेलने मुंबईला निघालेल्या ग्वाल्हेरकराचं तिकीट स्वस्त राहण्यात कोळशाच्या मालगाड्यांचाही हातभार असतो. कोळसा घटवण्याच्या ज्या आराखड्यात ही तूट कोण भरणार हे लिहिलेलं नाही, तो अर्धवट आहे.