वय झालेला कोपरारक्षक: ठेवावा की सोडावा?

हंगाम जवळ आला की बहुतेक कबड्डी संघांत एक अवघड बोलणं लांबणीवर पडतं. डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा असलेला खेळाडू आता पस्तिशीकडे झुकलेला असतो. गुडघ्याला पट्टी बांधल्याशिवाय तो मैदानात उतरत नाही आणि झेप घेतल्यावर उठायला त्याला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. त्याच जागेवर डोळा ठेवून एक विशीतला पोरगा रोज सरावाला येत असतो. पाथर्डी तालुक्यातल्या गावच्या मंडळापुढे हा प्रश्न येतो, तसाच तो प्रो कबड्डी लीगच्या लिलावातही येतो. फुटबॉलमधले बलाढ्य क्लबही जुन्या बचावपटूचं काय करायचं यावर अडतात. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही, पण निर्णय कसा घ्यावा हे मात्र नीट मांडता येतं.

## कोपऱ्यातलं काम नेमकं काय

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर आणि एक चढाई 30 सेकंदांची. सात जणांच्या बचावफळीत दोन्ही टोकांना कोपरारक्षक आणि त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक म्हणजे कव्हर उभे राहतात. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असले की चढाईपटूला बोनसची संधी असते. त्यासाठी त्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून त्याच वेळी दुसरा हवेत ठेवावा लागतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका पायावर असतो आणि कोपरारक्षकाचा डाव तिथेच साधतो. तो खाली झेपावून घोटा धरतो, शेजारचा कव्हर मध्यरेषेकडची वाट अडवतो आणि बाकीचे धावून येतात.

पकड झाली तर एक गुण मिळतो, समोरचा चढाईपटू बाहेर जातो आणि आपला बाद झालेला एक खेळाडू आत येतो. झेप चुकली तर उलट घडतं: गुण त्यांना आणि आपला कोपरा रिकामा. म्हणून कोपऱ्यातल्या माणसाची घाई साऱ्या संघाला महागात पडते.

## वय काय नेतं, काय देतं

वय सगळ्यात आधी झेपेतला स्फोट नेतं. एखादी झेप अजूनही जुन्या वेगाने जाते, पण चाळीस मिनिटांत पुन्हा पुन्हा तशी झेप घेणं जड होतं. दुखापत भरायला वेळ लागतो. गावच्या स्पर्धेत एका रात्रीत दोन-तीन सामने खेळावे लागतात, तेव्हा तिसऱ्या सामन्यात हा फरक उघडा पडतो. मातीवर घडलेल्या खेळाडूला मॅटवर आणखी एक अडचण येते. मॅटवर चढाईपटूचा वेग वाढतो, दिशा झटकन बदलते आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो.

वय देतं ते वाचन. समोरचा कोणत्या पायावर वळतो, बोनस घेण्याआधी खांदा कुठे झुकवतो, खरी चढाई कोणती आणि वेळकाढूपणा कोणता, हे जुन्या कोपऱ्याला झेप घ्यायच्या आधीच कळतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसरी चढाई ‘करो या मरो’ची असते. त्या चढाईत थांबून राहणं ही कला आहे. पोरगं आधीच झेपावतं. जाणता खेळाडू चढाईपटूला पुढे येऊ देतो. शिवाय त्याचा आवाज कामाला येतो. “मागं सर”, “धर”, “सोड” हे योग्य क्षणी ओरडणारा माणूस मैदानात असला की शेजारच्या कव्हरचा खेळही सुधारतो.

## पुण्याने काय केलं

इराणचा फझल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. पकडींच्या गुणांत प्रो कबड्डीच्या इतिहासात तो सर्वांत पुढे आहे. 2022च्या नवव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने त्याला 1.38 कोटी रुपयांना घेतलं आणि कर्णधारपद दिलं. संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 असा हरला. पुढच्या हंगामाआधी पुण्याने त्याला मोकळं केलं.

हा निर्णय काटकसरीचा नव्हता. त्याच डाव्या कोपऱ्यासाठी पुण्याने मोहम्मदरेझा शादलुई या तरुण इराणी खेळाडूवर 2.35 कोटी मोजले. कर्णधारपद आपल्या नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारकडे आलं. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. शादलुई त्या हंगामात पकडींच्या गुणांत अव्वल ठरला.

फझलची किंमत मात्र हेलकावे खात राहिली. गुजरात जायंट्सने त्याला 1.60 कोटींना घेतलं होतं, पण 2024च्या लिलावात बंगाल वॉरियर्सला तो 50 लाखांत मिळाला. 2025मध्ये तो दबंग दिल्लीकडे गेला आणि 31 ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात समोर आली ती पुणेरी पलटणच. अखेरच्या मिनिटात पुण्याचा आदित्य शिंदे चढाईला आला. 33 वर्षांच्या फझलने त्याची पकड केली आणि दिल्लीने सामना 31-28 असा जिंकला.

म्हणून पुण्याचा 2023चा निर्णय चुकला का? माझ्या मते नाही. पुण्याने जागा रिकामी सोडली नाही. तिथे आधीच्याइतकाच भक्कम आणि वयाने तरुण माणूस उभा केला. एका अंतिम सामन्यातल्या एका पकडीवरून दोन वर्षांपूर्वीच्या निर्णयाचं माप काढू नये. पण घसरलेल्या किमतीवरून ‘हा संपला’ असं ठरवणाऱ्यांना त्या पकडीने उत्तर दिलं, हेही तितकंच खरं.

## दिल्लीचा हिशेब

दिल्लीने जुन्या बचावपटूंवर भरवसा टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. 2021-22च्या आठव्या हंगामात त्यांच्या संघात मनजीत छिल्लर, जीवा कुमार आणि जोगिंदर नरवाल असे मुरलेले बचावपटू होते. चढाईत नवीन कुमार आणि विजय यांच्यासारखे तरुण होते. कर्णधार जोगिंदर स्वतः डाव्या कोपऱ्याचा. त्या संघाने अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला 37-36 असं हरवलं. पुढे जोगिंदर दिल्लीचाच प्रशिक्षक झाला आणि 2025चं विजेतेपद संघाने त्याच्याच मार्गदर्शनाखाली मिळवलं. खेळाडू म्हणून थांबलेला माणूस संघाला किती उपयोगी पडू शकतो, याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

धर्मराज चेरलाथनही विसरता येत नाही. 1975 साली जन्मलेला हा बचावपटू 2016मध्ये पाटणा पायरेट्सच्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. पंचेचाळिशी उलटल्यावरही तो आठव्या हंगामात जयपूरकडून मॅटवर उतरला.

## फुटबॉलमधला दाखला

ब्राझीलचा बचावपटू थियागो सिल्वा पॅरिस सेंट जर्मेनचा कर्णधार होता. ऑगस्ट 2020मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिसचा संघ बायर्न म्युनिककडून 1-0 असा हरला आणि करार संपल्यावर क्लबने 35 वर्षांच्या सिल्वाला जाऊ दिलं. चेल्सीने हस्तांतरणाचा एक पैसाही न मोजता त्याला घेतलं. मे 2021मध्ये चेल्सीने तीच स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात सिल्वा दुखापतीमुळे पूर्वार्धातच बाहेर गेला, पण तिथवरच्या वाटचालीत बचाव सांभाळणाऱ्यांत तो आघाडीवर होता. तो 2024पर्यंत, म्हणजे वयाच्या 39व्या वर्षापर्यंत, चेल्सीकडे राहिला. वय दोन्ही क्लबांना ठाऊक होतं. चेल्सीने त्याच्याकडून काय हवं ते आधी ठरवलं, एवढाच फरक.

## लिलावाचा संघ आणि गावचा संघ

प्रो कबड्डीत संघाच्या तिजोरीला मर्यादा असते. अलीकडच्या हंगामांत ती 5 कोटी रुपयांची आहे. जुन्या खेळाडूवर जास्त रक्कम अडकली तर चढाईपटूसाठी पैसे उरत नाहीत. शिवाय सोडलेला खेळाडू कायमचा जातोच असं नाही. लिलावातली शेवटची बोली मान्य करून जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. तिथे सोडणं हा व्यवहार आहे आणि त्यात अपमान मानायचं कारण नाही.

पाथर्डीचं गणित वेगळं आहे. इथे तिजोरी नाही, वर्गणी आहे. दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच परततात. कोणी पुण्याला कामाला जातो, कोणी भरतीच्या तयारीत असतो. सात जण जमवणं हीच पहिली लढाई असते. अशा संघाने जुना कोपरा काढून टाकला तर पैसा वाचत नाही, उलट शिकवणारा जातो. कारण बहुतेक गावांत वेगळा प्रशिक्षक नसतो. जो जुना तोच प्रशिक्षक.

म्हणून गावच्या संघाने जागा आणि माणूस यांचा वेगवेगळा विचार करावा. पहिल्या सातातली जागा कोणाच्या नावावर कायमची नसावी, पण संघातून त्या माणसाला तोडू नये. पोराला डाव्या कोपऱ्यात उभं करावं आणि जुन्याला राखीव खेळाडूंत ठेवावं. आघाडी दोन-तीन गुणांची असताना, शेवटच्या पाच मिनिटांत, त्याला आत घ्यावं.

## निर्णयाआधी वही

आठवणीवर विसंबलं की निर्णय चुकतो. जुन्या माणसाची गाजलेली पकड सगळ्यांना आठवते, कालच्या चुकलेल्या तीन झेपा कोणाला आठवत नाहीत. त्यासाठी एक वही पुरते. शेवटच्या दहा सामन्यांत त्याने किती पकडी करायला घेतल्या, किती साधल्या, उत्तरार्धात किती चुकल्या आणि तो बाहेर असताना संघाने किती गुण दिले, एवढं लिहावं. पोराचीही तशीच नोंद ठेवावी. पूर्वार्धात साधतं आणि उत्तरार्धात चुकतं असं दिसलं तर प्रश्न दमाचा आहे. त्याची मिनिटं कमी करावीत. सुरुवातीपासूनच उशीर होत असेल तर जागा बदलायची वेळ आली आहे.

## सांगायचं कसं

हे बोलणं हंगामाआधी व्हावं, कर्णधाराने समोर बसून करावं, आणि वही उघडी ठेवून करावं. संघाचं नाव वाचलं जाताना किंवा सामन्याच्या सकाळी त्याला हे कळता कामा नये. त्याला नवं काम नेमकं सांगावं: कोणत्या पोराला घडवायचं, कोणत्या प्रसंगी मैदानात यायचं, किती दिवस सरावाला यायचं. ज्याने गावासाठी गुडघे झिजवले त्याला खरं आणि वेळेवर सांगणं हा मानच आहे. त्यानंतरही त्याला थांबायचं असेल तर त्याने आपल्या मनाने थांबावं, आणि तोवर त्याच्या हाताखाली नवा कोपरा तयार झालेला असावा.