चव कळली, म्हणून काय झालं?

‘‘मावशी, गिळू नकोस हं! आधी ग्लास कलता करून रंग बघ, मग वास घे, मग छोटासा घोट तोंडात घोळव. आणि हे पातेलं ठेवलंय ना, त्यात थुंकून टाक.’’

नाशिकला भाचीच्या घरी, त्या स्टीलच्या पातेल्याभोवती आम्ही मुलुंडच्या महिला मंडळातल्या पाचजणी बसलो होतो. सकाळी त्र्यंबकेश्वरचं दर्शन, दुपारी गंगापूर धरणाकडचे द्राक्षांचे मळे आणि संध्याकाळी हा उद्योग! भाची एका वायनरीत नोकरीला. ‘‘नावं ठेवण्याआधी समजून तरी घे,’’ हा तिचा हट्ट.

तिच्या हट्टाला कारण होतं. मी गेली पंधरा वर्षं भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या विरोधाच्या पत्रकावर पहिली सही माझी होती. राज्यभर विरोध झाला, तो निर्णय अमलात आला नाही. पण ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य तेव्हापासून कानात राहिलं होतं.

पहिली पांढरी वाइन होती सोविन्याँ ब्लाँ. वास घेतला आणि आम्ही चकितच झालो. नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची, कापलेलं गवत, थोडा पेरू! दुसरी शेनँ ब्लाँ, मवाळ आणि गोडसर. ही दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची, आता नाशिकच्या मातीत रुजलेली. खायच्या द्राक्षांपेक्षा यांचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे. यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. जी साखर उरते, ती जिभेला गोड लागते.

मग लाल वाइन. पांढरीसाठी रस आधीच गाळून घेतात, लालसाठी सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा त्या सालीतून येतो. शिराझच्या दोन बाटल्या होत्या, एक नाशिकची, एक बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची. द्राक्ष एकच, पण चव? नाशिकची मला काळ्या मिरीसारखी झणझणीत लागली, नंदी हिल्सची पिकल्या जांभळासारखी. माझ्या जावेला नेमकं उलट वाटलं! त्यावर आम्ही देवगड आणि रत्नागिरी हापूसवर भांडावं तसं भांडलो. भाची हसत म्हणाली, ‘‘अगं, तेच तर! माती, उंची, रात्रीचा गारवा, सगळं चवीत उतरतं.’’ बंगळुरूकडचं पठार नाशिकपेक्षा उंच. फ्रान्समध्ये द्राक्षं उन्हाळा संपताना काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीच्या रात्री खाऊन.

खरं सांगते, मजा आली. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतर नाशिकच्या शेतकऱ्याला एक नवं गिऱ्हाईक मिळालं. तेव्हा या धंद्याला सरसकट पाप म्हणणं मला त्या संध्याकाळी जमेना.

मग मी भाचीला कागद-पेन्सिल मागितली. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १३ टक्के. म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लासात साडेएकोणीस मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के, म्हणजे ४५ मिलिलिटरच्या पेगात जवळजवळ तेवढंच! चव नाजूक आणि ग्लास देखणा असला, तरी पोटात जातं ते तेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, आरोग्याला सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही. भाची गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मावशी, हे मला कुणी मांडून दाखवलं नव्हतं.’’

परतल्यावर वस्तीतल्या बैठकीत हे सांगावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. लपवलं तर आपण कसल्या कार्यकर्त्या? म्हणून सांगितलं. दारूने नवरा गेलेल्या एक वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. ‘‘ताई, तुम्हीपण?’’ एवढंच म्हणाल्या. माझी मान खाली गेली. मी पातेल्याची गोष्ट सांगितली, घोट थुंकल्याची. त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांनी जन्मभर ढोसली ओ. पण तिची चव कशी असते, ते कधी सांगितलं नाही. चवीसाठी कुठे पीत होते ते!’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाइनच्या चवीबद्दल मी त्या संध्याकाळी पुष्कळ शिकले, पण वस्तीतली दारू चवीसाठी नसतेच. ती थकव्यासाठी असते, बेकारीसाठी असते, मग सवयीसाठी असते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी उद्या कुणी ‘वाइनच तर आहे, औषधासारखी असते’ म्हणत बाटली आणली, तर चिडण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि वरचा हिशेब मांडून दाखवा. त्या पत्रकावर सही करायची वेळ पुन्हा आली, तर मी पुन्हा करीन. फक्त आता मला माहीत आहे, मी नाही कशाला म्हणतेय ते.